जिमर फ्रेडेट: कॉलेजात देव, एनबीएत बेंचवर, तरी लोक विसरायला तयार नाहीत

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकन बास्केटबॉलपटू जिमर फ्रेडेट रिटायर झाला, वयाच्या ३६ व्या वर्षी, इन्स्टाग्रामवर एक पोस्ट टाकून. तुम्ही एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, बघत असाल तरी हा नक्की कुठल्या टीममध्ये होता ते आठवायला वेळ लागेल, आणि त्यात तुमचा काही दोष नाही कारण गडी पाच टीम्स फिरला आणि कुठेच नीट बसला नाही, करिअरची सरासरी मॅचला सहाच्या आसपास पॉइंट. असे कितीतरी येतात आणि जातात, त्यांच्या रिटायरमेंटची बातमी कोणी वाचतही नाही. जिमरची बातमी आली तेव्हा मात्र अमेरिकेतले कॉलेज बास्केटबॉलचे फॅन पार हळवे झाले, जुने व्हिडिओ परत फिरायला लागले, आणि लोक कुठल्या रात्री कुठे बसून कुठली मॅच बघितली ते एकमेकांना सांगत बसले.

आपल्याकडच्या माणसाला हे जरा विचित्र वाटतं. म्हणजे जो वरच्या लेव्हलला चाललाच नाही त्याचं एवढं कौतुक कशाला? आणि दुसरा प्रश्न त्याहून अवघड, की २०११ मध्ये अख्ख्या देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरलेला माणूस २०१२ मध्ये बेंचवर कसा काय बसतो, खेळ तर तोच आहे ना, बास्केट पण तेवढ्याच उंचीवर आहे. या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो, बास्केटबॉल येत नसेल तरी चालेल.

आधी पोरगा कोण ते बघू. न्यूयॉर्क राज्यात, पण न्यूयॉर्क शहरापासून बऱ्यापैकी लांब, ग्लेन्स फॉल्स नावाचं छोटं गाव आहे, तिथला हा, जन्म १९८९ चा. खरं नाव जेम्स, जिमर हे घरचं. मोठा भाऊ टीजे याने ह्याच्यावर अक्षरशः मेहनत घेतली, इतकी की २००७ मध्ये दोघांनी मिळून एका कागदावर करार लिहिला, एनबीएत पोचण्यासाठी लागेल ते सगळं मी करीन असा, आणि जिमरने त्याच्यावर सही केली. हाच भाऊ त्याला जवळच्या जेलमध्ये घेऊन जायचा, कैद्यांच्या टीमशी खेळायला, आजूबाजूला कैदी ओरडतायत आणि हा सोळा-सतरा वर्षांचा गोरा पोरगा मध्ये खेळतोय. उद्देश एवढाच की पुढे कुठल्याही मैदानावर प्रेक्षकांची भीती वाटायला नको. (आपल्याकडे एखाद्या भावाने असं केलं असतं तर आईने दोघांनाही घराबाहेर काढलं असतं.)

तिथून तो गेला थेट देशाच्या दुसऱ्या बाजूला, युटा राज्यातल्या प्रोवो शहरात, ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीत, जिला सगळे बीवाययू म्हणतात. ही युनिव्हर्सिटी मॉर्मन चर्चची, म्हणजे अमेरिकेत सुरू झालेल्या एका ख्रिस्ती पंथाची आहे आणि हा मुद्दा इथे महत्त्वाचा आहे. तिथे विद्यार्थ्यांसाठी एक आचारसंहिता असते, दारू नाही, चहा-कॉफी नाही, लग्नाआधी शरीरसंबंध नाहीत, आणि टीम रविवारी मॅच खेळत नाही म्हणजे नाही, राष्ट्रीय स्पर्धेचं वेळापत्रकसुद्धा ते बघून लावावं लागतं. मॉर्मन लोक अमेरिकाभर आणि जगभर पसरलेले, त्यामुळे बीवाययू ही फक्त प्रोवोची टीम नाही, कुठल्यातरी लांबच्या शहरात राहणारं कुटुंबसुद्धा हीच आपली टीम म्हणून टीव्हीसमोर बसतं. एवढा मोठा गोतावळा, पण मोठं यश बरीच वर्षं नाही. २०१० पर्यंत राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी १९९३ नंतर एकही मॅच जिंकली नव्हती.

आता ही राष्ट्रीय स्पर्धा म्हणजे काय ते सांगतो, कारण ती समजली नाही तर पुढचं काहीच कळणार नाही. अमेरिकेत कॉलेजांच्या खेळांची संस्था आहे एनसीएए. त्यांच्या सगळ्यात वरच्या विभागात साडेतीनशेच्या आसपास कॉलेजं आहेत. थंडीभर आपापल्या गटात मॅचेस होतात आणि मार्चमध्ये त्यातल्या ६८ टीम्स निवडून एक स्पर्धा होते जिला मार्च मॅडनेस म्हणतात. नियम एकच, हरलात की घरी. एनबीएच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझनच्या शेवटच्या बाद फेऱ्यांत, एकाच टीमशी सात मॅचेसची सिरीज असते, एक दिवस वाईट गेला तर दुसरा मिळतो. इथे तसं नाही. एखादं छोटं कॉलेज एका संध्याकाळी पेटलं की मोठ्या कॉलेजचं वर्ष संपलं. त्यामुळे ह्या स्पर्धेत एकटा माणूस जेवढा फरक पाडू शकतो तेवढा सहसा कुठे पाडता येत नाही, आणि जो पाडतो त्याचं नाव मग लोकांच्या तोंडी कायमचं बसतं.

जिमर पहिल्या वर्षी काही फार मोठा नव्हता. मॅचला सात पॉइंट. दुसऱ्या वर्षी १६.२, तिसऱ्या वर्षी २२.१, चौथ्या वर्षी २८.९ आणि हा आकडा त्या वर्षी देशात सगळ्यात जास्त होता. हे चार आकडे नीट बघा, कारण प्रेमाचं अर्धं उत्तर ह्याच्यातच आहे. तो प्रोवोला स्टार म्हणून आला नव्हता, तिथे येऊन झाला, लोकांच्या डोळ्यासमोर, दर वर्षी थोडा थोडा. ज्या पोराने त्याच्याबरोबर पहिल्या वर्षाला ॲडमिशन घेतली त्याने आपलं कॉलेज आणि जिमरचं मोठं होणं एकाच वेळी बघितलं.

तिसऱ्या वर्षी, डिसेंबर २००९ मध्ये, तो ॲरिझोना युनिव्हर्सिटीच्या घरच्या मैदानावर जाऊन ४९ पॉइंट करून आला. मग मार्च २०१० मध्ये फ्लोरिडाविरुद्ध दोन एक्स्ट्रा टाइम गेलेली मॅच, ९९-९२, त्यात ह्याचे ३७, आणि बीवाययूचा तो सतरा वर्षांचा दुष्काळ संपला. त्या वर्षी त्याने एनबीए ड्राफ्टसाठी नाव दिलं होतं. ड्राफ्ट म्हणजे एनबीएच्या टीम्स पाळीपाळीने नवे खेळाडू उचलतात ती प्रक्रिया, वर्षाला साधारण ६० जागा. मुदतीच्या आत नाव मागे घेतलं तर परत कॉलेजात खेळता यायचं, आणि जिमरने ते मागे घेतलं, चौथं वर्ष खेळायला आला. फॅन्सच्या हिशोबात ही गोष्ट फार मोठी आहे. जाऊ शकत होता आणि गेला नाही.

आणि मग ते चौथं वर्ष, २०१०-११. त्या वर्षाची गंमत अशी की बीवाययूने एक मॅच मुद्दाम ग्लेन्स फॉल्सला ठेवली, म्हणजे युटाची टीम हजारो किलोमीटर उडून ह्याच्या गावच्या हॉलमध्ये खेळायला आली. जानेवारीत शेजारच्या युटा युनिव्हर्सिटीविरुद्ध, जी बीवाययूची जुनी खुन्नस, त्याने ४७ केले. आणि २६ जानेवारीला आली ती रात्र जिच्याबद्दल लोक अजून बोलतात.

सॅन डिएगो स्टेट, त्या दिवशी देशात चौथ्या नंबरवर, २० मॅच खेळून २० जिंकलेली. प्रोवोचा हॉल खचाखच भरलेला. बीवाययू ७१-५८ जिंकली आणि ७१ पैकी ४३ एकट्या जिमरचे. केव्हिन ड्युरंटसारखा एनबीएचा सुपरस्टार त्या रात्री ट्विटरवर लिहून गेला की हाच जगातला बेस्ट स्कोअरर आहे, आता हे कौतुकाच्या भरात होतं हे उघड आहे, पण त्या दोन महिन्यांत अमेरिकेत तसंच वातावरण होतं. कोणी लांबून शॉट मारून समोरच्याचा कचरा केला की त्याला जिमरचं नाव देऊन क्रियापद बनवायचे.

त्या मॅचमध्ये समोर सॅन डिएगोकडून कोण खेळत होतं माहितीये? कवाय लेनर्ड. हो, तोच, पुढे दोन वेळा एनबीए फायनल्सचा सर्वोत्तम खेळाडू झालेला, २०१४ ला सॅन अँटोनियोकडून आणि २०१९ ला टोरोंटोकडून. त्या सीझनला कवायची टीम ३४ मॅच जिंकली आणि फक्त तीन हरली, त्यातल्या दोन जिमरच्या टीमविरुद्ध. ह्या दोघांना लक्षात ठेवा, परत येतो त्यांच्याकडे.

सगळं गोडगोड झालं असं नाही. मार्चच्या सुरुवातीला टीम देशात तिसऱ्या नंबरवर असताना बास्केटजवळ खेळणारा महत्त्वाचा खेळाडू ब्रँडन डेव्हिस याला आचारसंहिता मोडल्याबद्दल युनिव्हर्सिटीने बाहेर बसवलं, ऐन स्पर्धेच्या तोंडावर. दुसऱ्या कुठल्याही कॉलेजने एखादी पळवाट शोधली असती. दुसऱ्याच दिवशी टीम न्यू मेक्सिकोकडून घरच्या मैदानावर धुतली गेली. मग नऊ-दहा दिवसांनी लास व्हेगासला गटाच्या स्पर्धेत परत तीच न्यू मेक्सिको समोर आली आणि जिमरने ५२ ठोकले, बीवाययूचा एका मॅचचा रेकॉर्ड. पुढे राष्ट्रीय स्पर्धेत गोन्झागाला २२ पॉइंटने हरवलं, ह्याचे ३४, आणि १९८१ नंतर पहिल्यांदा बीवाययू शेवटच्या सोळात पोचली. तिथे न्यू ऑर्लिन्सला पुन्हा फ्लोरिडा, पुन्हा एक्स्ट्रा टाइम, ह्या वेळी ८३-७४ ने हार. संपलं. नायस्मिथ, वुडन असे त्या वर्षीचे सर्वोत्तम खेळाडूचे जवळजवळ सगळे पुरस्कार ह्यालाच मिळाले.

आणि हे सगळं चालू असताना, ३२ नंबरच्या जर्सीवर जगाने पैसा केला तरी ह्याला स्कॉलरशिपच्या बाहेर एक डॉलर घ्यायची परवानगी नव्हती, तेव्हा नियमच तसा होता. त्यावर पुढे बोलू.

आता अवघड प्रश्न. जून २०११ च्या ड्राफ्टमध्ये जिमर दहावा गेला, मिल्वॉकीने उचलला आणि लगेच सॅक्रामेंटो किंग्जकडे पाठवला. त्याच ड्राफ्टमध्ये अकरावा क्ले थॉम्पसन, जो पुढे एनबीएतला मोठा शूटर झाला, पंधरावा कवाय लेनर्ड. म्हणजे कवाय जिमरनंतर. आज हे वाचून हसू येतं, पण त्या दिवशी फार कोणी हसलं नव्हतं.

मग एनबीएत झालं काय? लोक सहसा एका वाक्यात सांगतात की अंतर वाढलं. कॉलेजची तीन पॉइंटची रेषा (जिच्या बाहेरून मारलेला शॉट दोनऐवजी तीनचा) तेव्हा बास्केटपासून ६.३२ मीटरवर होती आणि एनबीएची ७.२४ मीटर. पण हे कारण जिमरच्या बाबतीत लागूच पडत नाही, कारण हा पठ्ठ्या कॉलेजातही एनबीएच्या रेषेच्या बाहेरूनच मारायचा. आणि एनबीएतही त्याचे लांबचे शॉट पडत होते, किंग्जच्या तिसऱ्या वर्षात तर ४९ टक्क्यांच्या आसपास, जे कुठल्याही काळात जबरदस्त आहे. नेम कधीच बिघडला नव्हता.

अडचण होती शॉट मारायच्या आधीच्या अर्ध्या सेकंदात. हिशोब बघा, कॉलेजच्या वरच्या विभागात साडेतीनशे टीम्स, प्रत्येकीकडे १३ स्कॉलरशिपचे खेळाडू, म्हणजे साडेचार हजार पोरं. एनबीएत ३० टीम्स, प्रत्येकी १५, साडेचारशे माणसं, आणि त्यात युरोप-आफ्रिकेतलेही. कॉलेजात जिमरला अडवायला येणारा बहुतेक वेळा असा पोरगा असायचा जो पुढे दुसऱ्या कुठल्या नोकरीत गेला. एनबीएत रोज रात्री समोर येणारा हा त्या साडेचार हजारांतून गाळून आलेला, हात लांब, पाय जलद, आणि पहिला चकला तर दुसरा मदतीला हजर. जिमर सहा फूट दोन इंच, फार जलद नाही, उडी साधारण. कॉलेजात त्याला स्वतःसाठी जागा करायला एक ड्रिबल, म्हणजे बॉल जमिनीवर एकदा आपटणं, पुरायचा, इथे तेवढ्यात समोरचा परत अंगावर आलेला असायचा.

दुसरी बाजू डिफेन्सची. कॉलेजात कोच टीम अशी रचायचा की जिमरला कमी धावावं लागेल, त्याला समोरच्या टीममधला सगळ्यात कमी धोक्याचा माणूस द्यायचा. एनबीएत अशी लपायची जागा नसते. समोरची टीम बघते की कोण कच्चा आहे आणि मुद्दाम बॉल त्याच्याच माणसाकडे नेते, पुन्हा पुन्हा. मग कोचला वाटतं हा आठ पॉइंट करतोय पण दहा देतोय, चला बसव. इथेच कवाय लेनर्ड आठवा. कॉलेजात तो जिमरच्या आसपासही स्कोअर करत नव्हता, पण अवाढव्य हात, कोणालाही अडवायची ताकद, आणि शॉट शिकायची तयारी. शॉट शिकता येतो, लांब हात शिकता येत नाहीत. मला विचाराल तर ह्या एका वाक्यात ड्राफ्टचं निम्मं शास्त्र आलं.

तिसरी गोष्ट जी लोक विसरतात ती म्हणजे काम बदललं. बीवाययूत बॉल सतत त्याच्या हातात, मॅचला वीसेक शॉट, चुकले तरी पुढचा शॉट त्याचाच. एनबीएत ही सूट फार थोड्यांना मिळते, बाकीच्यांना सांगतात की कोपऱ्यात उभा राहा, बॉल आला तर मार, नाही आला तर पुढच्या मॅचला बघू. असं थंड हाताने येऊन मारणं हे वेगळंच कौशल्य आहे आणि ज्याने आयुष्यभर लय पकडून खेळलंय त्याला ते जड जातं. वर नशीबही बेताचं. २०११ मध्ये मालक आणि खेळाडूंच्या भांडणात एनबीएला टाळं लागलं होतं, उन्हाळी लीग रद्द, सराव शिबिर नावापुरतं, आणि किंग्जने सीझन सुरू होऊन सात मॅच होतात न होतात तोच कोच काढला. तीन वर्षांत तीन कोच. आणि त्याच किंग्जने त्याच ड्राफ्टमध्ये ६० वा, म्हणजे एकदम शेवटचा, आयझाया थॉमस उचलला होता, पाच फूट नऊ इंच, आणि तो असा काही खेळला की जिमरची मिनिटं खाऊन गेला. म्हणजे फक्त उंचीचं कारण देऊनही भागत नाही.

फॅन्सचं एक लाडकं म्हणणं आहे की जिमर काळाच्या आधी आला. २०११-१२ मध्ये एनबीएची एक टीम मॅचला तीन पॉइंटचे अठरा-एक शॉट मारायची, २०२३-२४ मध्ये तोच आकडा ३५ च्या आसपास गेला, मध्ये स्टेफ करी नावाचं लांबून शॉट मारणारं वादळ येऊन गेलं ना. म्हणजे आज असता तर ज्या शॉटला तेव्हा कोच डोळे वटारायचे तोच शॉट मारायला सांगितलं असतं. हे मला अर्धंच पटतं. जागा जास्त मिळाली असती, मिनिटंही मिळाली असती, पण आजच्या खेळात कच्च्या डिफेंडरला शोधून त्याच्यावर हल्ला करणं तेव्हापेक्षाही जास्त चालतं, त्यामुळे त्याची दुसरी बाजू आजही उघडी पडली असती. सात-आठ वर्षं टिकणारा, बेंचवरून येऊन बारा-चौदा पॉइंट करणारा खेळाडू झाला असता असं मला वाटतं. करी नसता झाला.

आता ह्यातून प्रेमाकडे कसं जायचं? आपल्या लोकांना पटकन कळेल असं उदाहरण अमोल मुझुमदारचं. १९९४ मध्ये मुंबईकडून रणजी पदार्पणात २६०, पुढे फर्स्ट क्लासला ११ हजारावर धावा, आणि भारताकडून एकही मॅच नाही. मुंबईच्या मैदानांवर ज्यांनी त्याला बघितलंय त्यांच्यासमोर ‘पण तो इंडियाकडून कुठे खेळला’ म्हणून बघा, काय ऐकायला मिळतं ते. फरक आहेच, अमोलला संधीच मिळाली नाही आणि जिमरला मिळून ती लागली नाही, पण चाहत्यांचा हिशोब तोच. त्यांनी जे बघितलं ते पुढे काही न झाल्यामुळे कमी होत नाही.

अमेरिकेत तर ते अजून घट्ट असतं, कारण कॉलेजची टीम म्हणजे तिथल्या माणसाचं स्वतःचं आयुष्य असतं. एनबीएची टीम एखाद्या अब्जाधीशाची कंपनी आहे, उद्या शहर सोडून जाऊ शकते, खेळाडू एका फोनवर विकले जातात. कॉलेज कुठे जात नाही. तिथेच शिकलो, तिथेच बायको भेटली, आता पोरगी तिथेच शिकतेय, आणि त्या स्टँडमध्ये ज्या पोरासाठी घसा बसवला तो दुसऱ्या दिवशी आपल्याच कॅम्पसवर वर्गात जाताना दिसायचा. (तिकडे शिकायला गेलेली मराठी पोरंसुद्धा दोन वर्षांत कॉलेजचा टीशर्ट घालून मार्चमध्ये टीव्हीसमोर ओरडताना दिसतात, ज्यांनी इथे असताना कबड्डीपण बघितली नव्हती.) त्यामुळे जिमर एनबीएत यशस्वी झाला का, हा प्रश्न बीवाययूवाल्याला बाहेरच्यांचा प्रश्न वाटतो. मार्च २०१९ मध्ये जिमर फिनिक्स सन्सकडून थोडे दिवस एनबीएत परतला आणि टीम युटातल्याच सॉल्ट लेक सिटीला, प्रोवोच्या जवळ, खेळायला आली, तेव्हा युटा जॅझच्या घरच्या प्रेक्षकांनी पाहुण्या टीमच्या बेंचवरच्या माणसाला मैदानात आणा म्हणून त्याच्या नावाचा गजर केला. त्या रात्री फिनिक्सच्या डेव्हिन बुकरने ५९ पॉइंट केले होते.

मधल्या काळात तो चीनमध्ये होता, २०१६ पासून, एनबीए गाजवलेल्या चिनी खेळाडू याओ मिंगच्या मालकीच्या शांघाय शार्क्सकडून. पहिल्याच सीझनला मॅचला ३७.६ ची सरासरी आणि परदेशी खेळाडूंमध्ये सर्वोत्तमचा मान. एका मॅचमध्ये ७३. नोव्हेंबर २०१८ मध्ये एकात ७५, आणि तरी टीम एका पॉइंटने हरली, १३७-१३६, हे वाचून हसावं की रडावं कळत नाही. तिथे त्याला परत तेच काम मिळालं होतं, बॉल हातात आणि पूर्ण मोकळीक, म्हणून परत तोच जिमर दिसला. तिथेही पोरं त्याच्या नावाचे बोर्ड घेऊन यायची. मध्ये एक सीझन ग्रीसमध्ये पानाथिनाइकोसकडूनही खेळला.

आणि मग ह्या सगळ्यातला माझा सगळ्यात आवडता भाग, थ्री-एक्स-थ्री. हा रस्त्यावरच्या खेळातून आलेला प्रकार, अर्धं मैदान, एकच बास्केट, प्रत्येक बाजूला तीन आणि बाहेर एक राखीव, शॉटसाठी १२ सेकंद, दहा मिनिटं किंवा आधी २१ होतील तो जिंकला. गंमत स्कोअरिंगमध्ये आहे. साध्या बास्केटबॉलमध्ये आतला शॉट दोनचा, बाहेरचा तीनचा, म्हणजे दीडपट. इथे आतला एकचा आणि बाहेरचा दोनचा, म्हणजे थेट दुप्पट! एखादा खेळाडू बाहेरून शंभरात ३५ मारत असेल तर साध्या खेळात त्याची बरोबरी करायला आतून साडेबावन्न मारावे लागतात, इथे ७०. ह्याहून जास्त जिमरला सोयीचा खेळ कोणी ठरवून पण बनवला नसता. २०२२ पासून तो अमेरिकेकडून हे खेळायला लागला, २०२३ ला व्हिएन्नाच्या वर्ल्ड कपमध्ये सिल्व्हर, त्याच वर्षी पॅन अमेरिकन गेम्सचं गोल्ड. टोकियो ऑलिम्पिकला अमेरिकेची पुरुष टीम पात्रच ठरली नव्हती, पॅरिसला ठरली, आणि ३५ वर्षांचा जिमर ऑलिम्पियन झाला.

पॅरिसला दुसऱ्याच मॅचमध्ये, पोलंडविरुद्ध, पायाला दुखापत झाली. स्पर्धा सुरू झाल्यावर बदली खेळाडू आणता येत नव्हता, म्हणजे उरलेले तिघं बदलीशिवाय खेळले, सातपैकी दोनच जिंकले, बाहेर. त्याची ती शेवटची स्पर्धा ठरली.

रिटायरमेंटनंतरच्या आठवणींमध्ये अजून एक सूर ऐकू येतो, असा परत होणार नाही असा. म्हातारे लोक प्रत्येक काळात असंच म्हणतात, पण इथे त्यामागे नियमांचं कारण आहे. जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून पैसे घ्यायची मुभा मिळाली, २०२५ पासून कॉलेजं थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला सगळ्या खेळांचे मिळून सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरची मर्यादा. हे झालं ते चांगलंच झालं, जिमरच्या काळात त्याच्या जिवावर बाकी सगळे कमवत होते आणि तो सोडून. पण त्याबरोबर कॉलेज बदलणंही सोपं झालं. आधी बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागायचं, आता नाही, कितीही वेळा बदला. म्हणजे दुसऱ्या वर्षी १६.२ करणाऱ्या जिमरला आज एप्रिल महिन्यात चार मोठ्या कॉलेजांचे फोन आले असते, आकड्यांसकट, आणि प्रोवोत राहायला त्याच्याकडे तेवढंच मोठं कारण लागलं असतं.

बीवाययूही बदललीये. २०२५ मध्ये तिथे एजे डिबांत्सा आला, त्या वर्षीच्या शाळकरी पोरांमधला सगळ्यात गाजलेला, मोठमोठ्या कॉलेजांना मागे टाकून आणलेला, आणि अशा पोरांकडून कोणी चार वर्षांची अपेक्षा ठेवतच नाही, एक वर्ष झालं की ड्राफ्टला जाता येतं. टीम जास्त तगडी आहे, पैसा आहे, बिग ट्वेल्व्हसारख्या मोठ्या गटात खेळतात. फॅन खूश आहेत आणि असायलाच पाहिजे. फक्त सात पॉइंटवाला पोरगा २८.९ पर्यंत जाताना बघायचं ते आता फारसं बघायला मिळणार नाही.

बीवाययूचा सर्वाधिक पॉइंटचा रेकॉर्ड तसा जिमरकडे राहिलेलाच नाही. त्याने बीवाययूच्याच जुन्या खेळाडूला, डॅनी एंजला, मागे टाकून २,५९९ केले होते, २०१५ मध्ये टायलर हॉजने ते मोडले. हॉज चांगलाच खेळाडू होता, आणि तरी त्याच्या नावाचं कोणी क्रियापद केलं नाही. जिमर आता अमेरिकेच्या पुरुष थ्री-एक्स-थ्री टीमचं व्यवस्थापन बघतो, कोणाला घ्यायचं, कोणाला नाही, २०२८ ला लॉस एंजेलिसला घरच्या ऑलिम्पिकमध्ये काय करायचं. माझा अंदाज, तो शूटर आधी निवडेल.